दात लावूनच आत यावं

सोमवार, १ सप्टेंबर

ही डायरी दानूनं मला जूनमध्ये दिली. बियाणाच्या दुकानातून मामाला फुकट मिळालेली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुरीची शेंग. "जय्या, तू सारखं कायतरी चालू करतूस आन् सोडतूस. निदान लिहून ठेव, काय काय सोडलास ते," असं म्हणून दिली. मी उद्यापासून लिहिणार होतो. मग ठरवलं, क्लब चालू झाला की लिहीन. क्लब चालू होऊन महिना होत आला. मध्ये पेन हरवलं. पेन आणायला बाजारात गेलो, तर तिथं एक म्हैस एटीएमच्या खोलीत शिरली होती. तिला बाहेर काढण्यात दुपार गेली. पेन राहिलं.

तर आज लिहितो. मी मृत्युंजय, घरात जय्या. आयटीआय अर्धं, लातूरला मोबाइल दुरुस्ती अर्धी, सोलापूरला चादरीचं दुकान पाव. सगळ्यात जास्त टिकलो ते हैदराबादच्या एका कॅफेत, वेटर म्हणून. तिथं रविवारी कंप्युटरवाली पोरं-पोरी येऊन व्हॅम्पायरचा खेळ खेळायची. मोबाइलवर नव्हे, उभं राहून, बोलून. मी अमुक, मी पाचशे वर्षांचा, मी रक्त पितो, मला ऊन सोसत नाही, असं. दोन घराणी, पिढ्यान्‌पिढ्या वैर. आणि त्या वैरात एकच जागा अशी, जिथं कुणी कुणाला चावायचं नाही. ती म्हणजे नाइट क्लब. आमचा कॅफे त्यांचा क्लब होता. एकदा क्लबमालक झालेल्या पोराला ताप आला, तर त्यांनी मला त्याच्या खुर्चीत बसवलं. त्या दिवशी मला कुणी "ए शुक शुक" केलं नाही. "मालक, आत येऊ का?" असं विचारून येत होते. व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय आत येता येत नाही ना.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, बिदरला आलो तो नौबादला मामाकडंच राहिलो. दानू, म्हणजे दानेश्वरी, गुरुशांतप्पामामाची एकुलती एक. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग हितं कामून नको?" मामाला विचारलं. मामा धान्याचा व्यापारी, हिशेबाचा माणूस, पण एका शब्दानं हो म्हणाला. इथून जवळच्या कोळारच्या गोदामाची किल्लीच दिली. "घे. पुढं सगळं तुझंच हाय," म्हणाला. असा मामा कुणाला मिळत नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल लिहायचं राहिलं. क्लबची माहिती लिहितो, नाही तर विसरेन.

नाइट क्लब दुपारी असतो. त्याला इलाज नाही. चंद्रम्मामामीचा कायदा आहे की दिवेलागणीच्या आत दानू घरात पाहिजे. म्हणून रविवारी जेवणं झाली की खिडक्यांना बारदान, म्हणजे रिकामी पोती, ठोकतो, दार ओढतो, झाली रात्र. पत्रा इतका तापतो की व्हॅम्पायर घामानं भिजतात. अनिलकुमार म्हणतो, आपण उन्हात नाही, उकाड्यात मरणार.

अनिलकुमारचं झेरॉक्सचं दुकान आहे. खेळात तो सहाशे वर्षांचा आहे आणि बिदरचा किल्ला त्याच्यासमोर बांधला म्हणतो. अंधाराला भितो, म्हणून त्याच्यासाठी एक बल्ब चालू ठेवावा लागतो.

दात खोबऱ्याचे. प्लास्टिकचे मिळतात, पण त्यांना रबराचा वास येतो. मामी ओलं खोबरं विळीवर असं कापते की वरच्या ओठाखाली नीट बसतं आणि दोन सुळे बाहेर येतात. मी न मागताच मामी डबा भरून देते. फक्त एवढंच म्हणाली, "खेळा. पण माझ्या भांड्याला रक्त म्हणायचं न्हाई." म्हणून आम्ही बीटाच्या रसात गोळी सोडा घालतो आणि त्याला 'लाल' म्हणतो. निघताना मामी सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावते. दानू नौबाद घराण्याची प्रमुख आहे, गळ्यात लिंग, कपाळावर तीन पट्टे, तोंडात सुळे. हैदराबादवाल्यांनी बघायला पाहिजे.

लसणाचा प्रश्न मात्र अवघड झाला होता. व्हॅम्पायरला लसूण चालत नाही, आणि डब्यात भाकरीसोबत शेंगाचटणी. सगळे डब्याकडं बघत बसले. शेवटी अनिलकुमार म्हणाला, "लसूण फॉरेनच्यांना चालत न्हाई. आपल्या पोटाला सवय हाय." पास झालं.

रविवार, ७ सप्टेंबर

आज फार भारी झालं. बालाजीच्या घराण्यात दोन माणसं वाढली.

बालाजी म्हणजे दुसऱ्या घराण्याचा प्रमुख. गाव निंबर्गा, तिकडं आळंदकडं. इथं कोळारमध्येच पाइपच्या कारखान्यात कामाला आहे आणि खोली करून राहतो. पहिल्या रविवारी तो आवाज कमी करा म्हणून भांडायला आला होता. दार दानूनं उघडलं. मग तो आवाजाचं विसरला. पुढच्या रविवारी कारखान्यातली तीन पोरं घेऊन आला. दानू म्हणाली, आपल्याला शत्रू पाहिजेच आहेत, हे निंबर्ग्याचं घराणं. किती चटकन सुचतं तिला.

वैर असं, की किल्ल्यातली रात्र कुणाची? नौबादची का निंबर्ग्याची? त्याचा तह करायला दोन्ही प्रमुख बारदानाच्या थप्पीमागं बसतात. बाकीच्यांनी तोवर नाचायचं. नाचायची जागा म्हणजे मामाचा वजनकाटा, तो मोठा लोखंडी. त्यावर उड्या मारल्या की लाल आकडे वरखाली पळतात, लायटिंगचा खर्च वाचतो. गाण्यासाठी मोबाइल घागरीत ठेवतो.

तहाची बोलणी आज चहापर्यंत चालली. मी मालक, कुठल्याच घराण्याचा नाही, म्हणून थप्पीमागं जात नाही. बाहेर राखण करतो.

रविवार, १४ सप्टेंबर

खोबरं पुरेना झालंय. नियम असा आहे की ज्याच्या तोंडात दात नाहीत तो माणूस, आणि माणसाला क्लबमध्ये बोलायचा हक्क नाही. मी बघितलं, दानू आणि बालाजी थप्पीमागं गेले की थोड्या वेळात दोघांचे दात खाऊन झालेले असतात. एकदा चालतं, पण दर वेळी? "दात नसताना तह कसा करायलाव?" मी विचारलं. दानू म्हणाली, "माणूस होऊन बघायलाव, जमतंय का." याला म्हणतात भूमिकेत शिरणं.

बालाजी तर फारच शिरलाय. त्याच्या घरी जत्रेला बकरं असतं, पण आता त्यानं मटण सोडलं म्हणे. खरंच सोडलं, अंडंसुद्धा. मी म्हणालो, "अरे बाबा, व्हॅम्पायर हायस तू." तर म्हणाला, "म्हणूनच." मी तर आयुष्यात कशासाठी चटणीसुद्धा सोडली नाही.

दानूच्या स्कूटीचा आरसा फुटलाय. कुणी फोडला कळेना. मामी म्हणाली, मांजर. मांजर आरशावर कशाला चढेल?

गुरुवार, १८ सप्टेंबर

मामा मला सोनाराकडं घेऊन गेला. माझ्या बोटाचं माप घेतलं. मी म्हणालो, कशाला? मामा नुसता हसला. मला वाटतं, मालकाला अंगठी पाहिजे हे दानूनं सांगितलं असणार. हैदराबादच्या मालकाच्या बोटात होती, पण ती पितळी. परत येताना शर्टाचं कापडही घेतलं. आता हे वर्ष सोयाबीन दुसरीकडं ठेवतो, तू गोदाम सोडू नकोस, म्हणाला. मी पण मनात ठरवलं. आयुष्यात ही एक गोष्ट अर्धी सोडायची नाही. लिहून ठेवतो म्हणजे दानू बघेल.

मामीचं हल्ली फोनवर फार चालतं. कुणाला तरी हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, गूळ कवा घालायचा ते सांगत होती, आणि मराठीत. मामीच्या माहेरी तर सगळे कन्नड बोलतात.

रविवार, २१ सप्टेंबर

आज क्लबमध्ये बंड. अनिलकुमार वजनकाट्यावर उभा राहून ओरडला, "सहाशे वर्षं वाट बघितलो. आता लढाई पाहिजे. तह हाय का पंचवार्षिक योजना?" निंबर्ग्याची पोरंही त्याच्या बाजूनं. म्हणून मालक या नात्यानं मी पहिल्यांदा थप्पीमागं गेलो. बोलणी कुठवर आली ते ऐकावं म्हणून जरा थांबलो, आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. आम्ही बाहेर उड्या मारतोय आणि ही दोघं किती बारीक विचार करत होती!

दानू म्हणत होती, "उगादी हितं, दिवाळी तुमच्याकडं."

"हौ," बालाजी म्हणाला. "आन् जत्रंला?"

"जत्रंला मी येते, पर मटण परसात शिजवायचं. माझ्या भांड्यात न्हाई."

"आईला सांगतो. तिला चालतंय. बाप ऐकंल का, ते बघायला पाहिजे."

"आमचे अप्पा तर ऐकायचेच न्हाईत. लेकरासंग बोलायचं कंच्या भाषेत?"

"दोन्ही. मी शिकायलोय की. ऊट आयता?"

दानू हसली. म्हणाली, "जेवण झालं का, एवढंच येतंय तुला."

म्हणजे दोन घराण्यांनी पुढच्या पिढीपर्यंतचा विचार केलाय, कोणत्या सणाला कुठलं घराणं किल्ल्यात राहणार, स्वयंपाकाची वाटणी, सगळं. बाहेर येऊन मी अनिलकुमारला सांगितलं, तुला लढाई दिसते, त्यांना शंभर वर्षं दिसतात.  मग त्यानं मोबाइल काढून दानू-बालाजीचा व्हिडिओ काढला. ती दोघं काट्यावर उभी राहून एकमेकांचं वजन बघत हसत होती. दात नव्हते. 'ऐतिहासिक तह' असं नाव दिलं त्याला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मध्ये लिहिलं नाही. नवरात्रात एक रविवार क्लब बंद होता. त्या दिवशी हुमनाबादला निघालो होतो, बस चुकली, मग कशाला निघालो होतो तेच विसरलो.

काल दसरा. बिदरमध्ये कुणी बन्नीचं, म्हणजे शमीचं, पान हातावर ठेवलं की ते घ्यायचंच, मग तो कितीही वैरी असो. "बन्नी घ्या, सोन्यासारखं राहू," म्हणायचं आणि मागचं सोडायचं. मामाचं शेजारच्या मल्लप्पाशी भिंतीवरून कोर्टात चाललंय, तरी काल मल्लप्पानं बन्नी दिली आणि मामानं दोन्ही हातांनी घेतली, पाया पडायला वाकला. आज सकाळी पुन्हा दोघंही बोलत नाहीत, पण काल बोलले. आधी सुचलं असतं तर हे क्लबच्या नियमात घातलं असतं.

आईचा फोन आला. "रविवारी येतेय. शर्ट शिवून झाला का? पाच बायका कुंकू लावतील, मग अंगठी."

"कुणाला कुंकू?"

"दानूला. तू कुठं असतूस रे? तुझ्या मामानं तुला जावई म्हणून ठेवून घेतलंय उगादीपासून. भाच्याचा हक्कच हाय तो. गोदाम उगं दिलंय का?"

मी घागरीवर बसून राहिलो. घागर आडवी झाली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दानूला विचारलं, तुला माहीत होतं? "सगळ्या बिदरला माहीत होतं, तुला सोडून," म्हणाली. मग म्हणाली, "जय्या, राग येऊ देऊ नको. तू चांगला हायस. पर तू बस पकडायला जातूस आन् म्हैस काढून येतूस. मला बालाजी पाहिजे."

"कोण बालाजी?"

"निंबर्ग्याचा प्रमुख."

"पण तो तर शत्रू…" असं म्हणता म्हणता मला थप्पीमागचं सगळं आठवलं. उगादी हितं, दिवाळी तिकडं. मटण परसात. अरे देवा. मी राखण करत होतो!

रागावायचा प्रयत्न केला. जेवणापर्यंत रागावून बसलो. पण खरं सांगायचं तर मला दानूशी लग्न नकोच आहे, ती मला पहिलीपासून मारते. मला गोदाम पाहिजे. आणि गोदाम म्हणजे अंगठी. दानूला बालाजी मिळाला की माझा क्लब गेला. क्लब राखला की दानूचा बालाजी गेला. दोन्ही घराण्यांना राखणारा मालक तो मीच, आणि कुणाला चावायचं ते माझ्याच हातात.

त्यात अनिलकुमार धावत आला, घामाघूम. त्यानं तो 'ऐतिहासिक तह' आज स्टेटसला ठेवला. मामानं बघितला. निंबर्ग्याला बालाजीच्या बापानं, अंबाजीकाकानंही बघितला. "मला वाटलं आता लपवायचं काय हाय, तह झालाय की," म्हणाला. सहाशे वर्षांचा माणूस, आणि अक्कल एवढीच.

मामा घरात कुणाशीच बोलत नाही. दानूचा मोबाइल काढून घेतलाय. मामी विळीवर खोबरं कापत बसलीय, नेहमीपेक्षा दुप्पट. मी म्हणालो, मामी, आता कशाला? तर म्हणाली, "उद्या रविवार न्हवं का?"

रविवार, ५ ऑक्टोबर, गोदामातून

पोत्यावर बसून लिहितोय. दुपारची रात्र आहे. दानू सकाळी फूल आणायला म्हणून निघाली ती थेट इथं आली. बालाजी आधीच होता. मला म्हणाली, "मालक, आत येऊ का?" मी काय म्हणणार? म्हणालो, या. एकदा आत आलं की इथं कुणी कुणाला चावायचं नाही. नियम माझाच आहे.

थोड्या वेळानं दार वाजलं. मामा. आणि त्याच्या मागं धोतरातले अंबाजीकाका, पहाटेच्या बसनं आलेले. दोघं वाटेत एकमेकांना ओळख न देता एकाच रिक्षात आले म्हणे.

"बाजूला हो," मामा म्हणाला.

मी दारात हात आडवा धरला. म्हणालो, "मामा, दात लावूनच आत यावं. नियम हाय."

"माझ्याच गोदामात मी दात लावू? जय्या, हे गोदाम मी तुला कामून दिलं माहीत हाय का?"

"हौ, परवा कळलं. ही घ्या किल्ली. अंगठी नको, शर्टबी नको. पर चहाच्या वेळेपर्यंत मीच मालक हाय. तोवर कुणाला दातांशिवाय आत घेणार न्हाई."

मामानं किल्ली घेतली.  ती मुठीत धरून माझ्याकडं बघायला लागला. इतक्यात अंबाजीकाकांनी दातांच्या डब्यात हात घातला. "खोबरंच हाय की. सकाळपासून पोटात काय न्हाई," म्हणून दात बसवले आणि वाकून आत गेले. दुसरा बाप पुढं गेल्यावर मामा बाहेर कसा राहील? त्यानंही लावले.

आणि गंमत अशी, की खोबऱ्याचे दात लावून ओरडता येत नाही. ओरडलं की पडतात. दात पडले की माणूस, आणि माणसाला बोलायचा हक्क नाही. मामा दोनदा ओरडला, दोनदा दात शोधत वाकला. अनिलकुमारनं बॅटरी धरली.

मग काट्याच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला काका, ओठ मिटून हळू बोलू लागले.

"आमच्या घरात अंडं येत न्हाई," मामा म्हणाला. "तुमच्यात बकरं कापतेत."

"कापतेत की. खातोबी," काका म्हणाले. "आमच्या पोरालाबी लई आवडतंय."

बालाजी खाली बघून म्हणाला, "मी सोडलोय, आबा."

"कवा?"

"दीड महिना झाला."

"मग जत्रंत पोट बिघडलंय म्हणालतास ते?"

"बिघडलं नव्हतं."

काकांना इतका धक्का बसला की त्यांनी एक दात चावून गिळला. मी म्हणालो, काका, आता तुम्ही अर्धे माणूस, अर्धंच बोलायचं. कुणी हसलं नाही. मामा मात्र बालाजीकडं पहिल्यांदा नीट बघत होता. मला वाटलं, झालं. पण मग मामानं स्वतःचे दात काढले, पंच्याला पुसले, खिशात ठेवले, उठला आणि दानूचं मनगट धरलं. "खेळ झाला. घरी पाच बायका येऊन बसल्या असतील," म्हणाला. दात नव्हते, तरी बोलला. मी "मामा, नियम" म्हणालो, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही. दानू जागची हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी. मला काहीच करता येईना, म्हणून डायरी उघडली आणि हे लिहितोय. निदान काय सुटलं ते लिहून ठेवावं.

बाहेर गाडीचा आवाज. ब्रेक. कशावर तरी आदळलं. आरसा फुटला.

अनिलकुमारनं दार उघडलंय. एवढं ऊन आत आलं की सगळे व्हॅम्पायर डोळ्यांवर हात धरून उभे आहेत. दारात चंद्रम्मामामी. मामी, जी आजवर या गोदामाची पायरी चढलेली नाही. दानूची स्कूटी स्वतः चालवत आलीय. मामाच्या हातातून दानूचं मनगट सुटलं. मामीच्या मागच्या सीटवरून एक बाई उतरली, डोक्यावर पदर. अंबाजीकाका उभेच राहिले. "गीता? तू तर घरी म्हशीची धार काढायलतीस!"

हुग्गीचा गूळ आता समजला. मामीच्या फोनवर बालाजीची आई होती.

दोघींच्या तोंडात दात आहेत, कालच कापलेले, नीट बसलेले. दोघींच्या ओंजळीत बन्नी आहे. दसऱ्याची, शिळी झालेली असली म्हणून काय झालं, हातावर ठेवली की घ्यावीच लागते. मामाला माहीत आहे. तो हात मागं लपवायला लागलाय.

मामी उंबऱ्यावर थांबलीय. मामाकडं बघत नाही, माझ्याकडं बघतीय.

"मालक," ती म्हणाली, "आम्ही दोघी आत येऊ का?"